विहिरीच्या चौकातला कुंडोबा

अंधेरी, बोरिवली आणि शेवटी आपलंच घाटकोपर, एवढंच फिरलो आम्ही, तेही तीन रविवारी. पण मंदा लिफ्टमध्ये भेटेल त्याला असं सांगते की जणू आम्ही विमानाने जाऊन आलो. जे आले नव्हते त्यांना ते खरंच वाटतं. म्हणून काय घडलं ते मी कॅन्टीनमध्ये मिळालेल्या डायरीत लिहून ठेवते आहे. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

सहलीची कल्पना सरांची. सर म्हणजे आमच्या मजल्यावरच्या सुधाचे थोरले दीर. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांचा पुतण्या परदेशात जाऊन आला आणि त्याने सगळ्यांना बसवून फोटो दाखवले. पडक्या जुन्या इमारती आणि कबुतरांनी भरलेले चौक. सर चिडून म्हणाले, "दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे काय दगड कमी आहेत?" तीन आठवड्यांत ते बोलले त्यातलं एवढंच मला पटलं.

मंदा माझ्या शेजारची, मालवणकडची. तिने लगेच हात वर केला. सुधाला कुठेही देव भेटला की बास. आणि मला मंदाने ओढलं. "शोभे, पोळ्या लाटून लाटून गोल झालीस गो तू. चल." मी पवईच्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. रविवार मोकळा असतो.

मला त्या सहलीत एकच गोष्ट बघायची होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. माझी आई टाकीवाली होती. मिक्सर यायच्या आधी घरोघर पाटा-वरवंटा असायचा. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर खोबरं नुसतं घसरतं. मग टाकीवालीला बोलवायचं. ती दारात बसून, पाट्यावर पाय रोवून, हातोडीने टाकीवर ठोकत दगडाला पुन्हा बारीक खड्डे पाडायची. टाकी म्हणजे छिन्नीच, पण आमच्यात तिला छिन्नी म्हटलं की आई रागवायची. काम संपलं की पाट्याच्या कोपऱ्यात एक मासा कोरायचा. सगळ्या टाकीवाल्यांचा मासा डावीकडे तोंड करून असायचा. माझ्या आईचा उजवीकडे. कारण आई डावखुरी होती.

त्यासाठी तिने फार ऐकून घेतलं. डाव्या हाताने अन्नाच्या दगडाला शिवू नये म्हणून काही बायका तिला उंबऱ्यावर बसू देत नसत. पाटा रस्त्यावर आणून ठेवायच्या. आई म्हणायची, "कान्हेरीच्या डोंगरात एका खोलीत माझ्यासारख्याच डावऱ्याचं काम आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. देवाच्या भिंतीला चालला, ह्यांच्या पाट्याला चालत नाही." ती भिंत मला बघायची होती.

मंदाला आणि सुधाला यातलं काही ठाऊक नव्हतं. इमारत नवी झाली आणि आम्ही एका मजल्यावर आलो, तेव्हा मंदाने विचारलं, "तुझी माणसं काय करायची गो?" मी म्हटलं, बाप गिरणीत होता, आई घरीच. तिच्या ओळखीच्या सगळ्यांची माणसं गिरणीत होती, तिला ते पटलं. त्याला तेरा वर्षं झाली. एकदा असं बोललं की रोज तेच बोलावं लागतं. चौथीतून शाळा सुटली ती आईची हत्यारांची पाटी उचलायला आणि गल्लीत आरोळी द्यायला. पाटी उचलली. आरोळी एकदाही तोंडातून निघाली नाही. वर्गातली मुलगी दिसली की मी भिंतीआड जायची. आईची एक टाकी मात्र माझ्याकडे आहे, करंगळीएवढी जाड. ती चिंधीत गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि निघाले.

पहिला रविवार: जोगेश्वरी आणि महाकाली

जोगेश्वरीला घरांच्या मधून पायऱ्या उतरत खाली गेलो. आत अंधार, वरून पाण्याचे थेंब, वटवाघळांचा वास. सरांनी छत्री उघडली आणि छत्रीखालून भाषण सुरू केलं. पंधराशे वर्षं म्हणाले, मग मागून लोक यायला लागले तेव्हा सोळाशे म्हणाले. सुधा देवीपुढे जाऊन बसली. मंदाने खांबाला मिठी मारून फोटो काढायला लावला. तिथे दुसरं जोडपं आधीपासून दुसऱ्या खांबाला मिठी मारून होतं. दीड हजार वर्षांनी खांबांच्या नशिबी हे आलं.

मी हात लावून बघितला. पाण्याने दगड खाल्लेला. घाव एकही शिल्लक नाही. पोचट दगडावर टाकी धरू नये, असं आई म्हणायची. इथे कुणी तरी धरली होती आणि मेहनत पाण्यात गेली होती, खरोखरच.

मग अंधेरीला महाकाली गुंफा. सुधाने नावावरून ओटीचं सगळं सामान घेतलेलं, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. आत गेल्यावर बघते तर सगळीकडे बुद्ध.

"भावोजी, महाकाली कुठंय?"

सर म्हणाले, "ही बौद्ध लेणी आहेत, सुधा. मी काल सांगितलं होतं."

"तुम्ही काल खूप सांगितलं होतं," सुधा म्हणाली.

देवीचं देऊळ बाहेर होतं, पण सुधाला तेवढं चालायचं नव्हतं. मंदा म्हणाली, "मग ओटी सरांची भर. तेच दमलेत." नारळ परत पिशवीत गेला. तो नारळ लक्षात ठेवायला हवा.

जेवायला स्टेशनजवळ मिसळ घेतली. मिसळ गोड होती. मिसळीत साखर घालणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुसऱ्यांदा चुलीपाशी उभं करत नाहीत. सरांनी रस्सा दोनदा मागितला.

दुसरा रविवार: बोरिवली

मी ज्याच्यासाठी आले होते तो हा दिवस. आणि फाटकावरच अडकले. कान्हेरीची लेणी पार्काच्या आत, आणि पार्कात शिरताना पिशव्या तपासतात. रखवालदाराने माझ्या पर्समधून चिंधी काढली, सोडली, आणि टाकी वर धरली.

"ताई, हे काय?"

मागे रांग. सगळे बघताहेत.

मंदा म्हणाली, "शोभे, लेणी फोडायला आलीस की काय गो?"

सर पुढे झाले. "पुरातन वास्तूला इजा करणं गुन्हा आहे. हे तुमच्याकडे कसं?"

"नारळ फोडायला," मी म्हटलं.

दुसरं खोटं. आईच्या टाकीने नारळ. रखवालदाराने ती टेबलाच्या खणात टाकली आणि जाताना न्या म्हणाला.

बसने वर गेलो. कान्हेरी खरंच मोठी आहे, हे मी मान्य करते. एका काळ्या डोंगराला घरंच घरं. दारं, ओटे, बसायला दगडी बाकं, प्रत्येक घराला पाण्याचं टाकं. आमच्या इमारतीपेक्षा पाण्याची सोय चांगली. मोठ्या चैत्याशी उंच बुद्ध उभे आहेत. तिथे सर इतका वेळ बोलले की एक परगावचं कुटुंब त्यांना गाईड समजून मागे लागलं. सरांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मी बाजूच्या लहान खोल्यांत शिरले. तिथे भिंती कोरड्या आहेत आणि घाव जसेच्या तसे. तिथल्या लेखांतली अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण घाव वाचता येतात. सकाळचे घाव खोल आणि एकसारखे पडतात. दुपारी हात थकला की उथळ होतात, मधलं अंतर वाढतं. एका भिंतीवर मला कुणाची तरी दुपार दिसली. आणि सगळे घाव उजव्या हाताचे, एकाच बाजूला कललेले. दहा खोल्या पाहिल्या. डावरा हात कुठे नाही. पण वर डोंगरभर अजून शंभरएक खोल्या होत्या, आणि आईने कुठली ते सांगितलं नव्हतं.

बाहेर आले तर गोंधळ. मंदाने घावण्यांचा डबा उघडला होता आणि माकडाने तो नेला होता.

"मेल्या माकडा, ठेव थंय!" मंदा ओरडत होती. माकड खडकावर बसून घावणे खात होतं. चटणीचा वास घेऊन त्याने ती डबीसकट फेकली. कॅन्टीनमधले साहेबही असंच करतात.

सुधा म्हणाली, "हनुमंताने नैवेद्य घेतला."

"तुझा नैवेद्य असता तर हसले असते मी," मंदा म्हणाली. "चला खाली. भूक लागली."

मी म्हटलं, "मी जरा वर..."

कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते बसकडे निघाले होते. मी मागून गेले. एवढं आयुष्य झालं, मी मागूनच जाते. त्या तिघांना नावं ठेवत ठेवत जाते, पण जाते.

फाटकावर रखवालदार बदललेला. नव्याला खणाची किल्ली मिळेना. सर म्हणाले, "सोडा हो, गंजका खिळा तो."

मी उभी राहिले. हलले नाही. वीसएक मिनिटं तिघं माझ्यासाठी उन्हात थांबले. किल्ली आली, टाकी मिळाली. मंदा माझ्याकडे बघत होती.

"खिळ्यासाठी एवढं?" ती म्हणाली. मी पर्सची चेन लावली.

तिसरा रविवार: घाटकोपर

परदेशात चौक बघतात म्हणून सरांनी शेवटचा दिवस चौकांना ठेवला होता. आपले चौक मी सांगते. मध्ये सिग्नल, चार बाजूंना कुणाच्या तरी वाढदिवसाचे फलक, एका कोपऱ्यात उसाचा रस, आणि ज्याच्या नावाचा चौक तो कोण हे रसवाल्याला ठाऊक नसतं. सरांनी पहिल्या चौकात दिव्याचा एक जुना खांब दाखवला. त्याला पाळणाघराची जाहिरात बांधलेली होती. दुसऱ्या चौकात दाखवायची वस्तू मेट्रोच्या पत्र्याआड गेली होती. आम्ही पत्रा बघितला.

"आता खरा ऐतिहासिक," सर म्हणाले आणि विहिरीच्या चौकाकडे वळले.

या बाजूला मी मुद्दाम येत नाही. विहीर बुजवून कितीतरी वर्षं झाली. तिच्यासमोर डोसे करणारं एक हॉटेल होतं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. त्या हॉटेलच्या मागच्या दारी मी आईची पाटी घेऊन उभी राहायची.

चौकाच्या मध्ये फरशीचा ओटा, स्टीलचं कुंपण, वर छप्पर. आत एक गोल काळा दगड, मध्ये खोल खळगा. खळग्यात पाणी, झेंडूची फुलं. काठाला शेंदूर.

"हा कुंडोबा," सर म्हणाले. "विहीर बुजवताना निघाला. यादवांच्या काळातला, कदाचित त्याआधीचाही. आणि ही खूण बघा. हा मत्स्यावतार."

सुधाने चप्पल काढली, पदर घेतला आणि वाकून कपाळ टेकलं. अंधेरीपासून सांभाळलेला नारळ तिने ओट्याच्या कडेवर फोडला. नारळाचं पाणी खळग्यात ओतलं, फुलं बाजूला सरली आणि ओला दगड उघडा पडला.

आईही काम झालं की दगडावर पाणी ओतायची. ओल्या दगडात घाव उठून दिसतात, कमी-जास्त कळतं. खळगाभर घाव होते, बारीक, एकसारखे, आणि सगळे उलट बाजूला कललेले. काठावर मासा. तोंड उजवीकडे.

हा त्या हॉटेलचा रगडा होता. डोशाचं पीठ वाटायचा. दर दोन महिन्यांनी आई त्याला टाकी लावायची, त्या काठावर डावा पाय रोवून. शेवटची लावली आणि आठवड्यात हॉटेलात विजेचं यंत्र आलं. म्हणून घाव झिजले नव्हते. रगडा मागच्या दारी फेकला, तिथून कुणी तरी चौकात आणला. जिथे माझ्या आईचा पाय होता तिथे सुधाचं कपाळ होतं.

मला हसू येत होतं. तीन रविवार साठवलेलं सगळं हसू. हा बघा तुमचा इतिहास, इडली-डोशाचा. पण हसले तर सांगावं लागणार होतं मला कसं कळलं. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. आईचा दगड हार घालून घेत राहिला असता आणि माझा बाप गिरणीत राहिला असता.

सर खळग्यावर बोट फिरवत म्हणाले, "काय हात आहे! असे घाव आता कुणाच्या बापाला जमायचे नाहीत."

"बापाचे नाहीत," मी म्हटलं. "आईचे आहेत. माझ्या आईचे."

तिघंही माझ्याकडे वळले. मी एवढं मोठ्याने बोलले होते की मोबाईलच्या दुकानातला माणूसही वळला.

मग थांबता आलं नाही. रगडा, हॉटेल, टाकी, डावा हात, मासा, सगळं तुटक तुटक सांगितलं. सर हसले. "बाई, तुमच्या आईने अशी खूण कुठे तरी बघून उचलली असेल. परंपरा असते."

मी पर्समधून चिंधी काढली. टाकीचं तोंड एका घावात ठेवलं. बरोबर बसलं. दुसऱ्यात ठेवलं. तिथेही बसलं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि काल कुठे तरी वाचलेलं काही बोलायला सुरुवात केली. ते कुणी ऐकलं नाही.

सुधाने काठावरचा हात काढून घेतला होता. "डाव्या हाताचं काम? आणि मी नारळ फोडला त्याचं काय?"

"खोबरं खा," मंदा म्हणाली. पण ती हसत नव्हती. ती माशाकडे बघत होती.

"आमच्या पाट्यावर हाच मासा आहे," ती म्हणाली. "उलट्या तोंडाचा. इथल्या चाळीत होतो तेव्हा माझी सासू त्या बाईला उंबऱ्यावर चढू द्यायची नाही. आणि दुसऱ्या कुणाची टाकीपण चालायची नाही तिला. वाटण जाडं राहतं म्हणायची. तिच्याबरोबर एक मुकी पोर असायची, पाटी घेऊन."

"मुकी नव्हते," मी म्हटलं.

"तेरा वर्षं," मंदा म्हणाली. "तेरा वर्षं माझ्या घरचा चहा पितेस. बाप गिरणीत होता ना गो तुझा?"

मंदा वळली आणि रिक्षा करून एकटी निघून गेली. मी चालत घरी आले. सुधा आणि सर मागून येत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी पुढे होते, आणि त्यात काही मजा नव्हती.

सोमवार: घर

हे सहलीत मोडत नाही, तरी लिहिते.

सकाळी कॅन्टीनला निघणार तर दारावर लाथ बसली. उघडलं तर मंदा, दोन्ही हातांत पाटा, म्हणून लाथ.

"वॉशिंग मशीनखाली होता," ती धापा टाकत म्हणाली. "एक पाय आखूड होता मशीनचा. आता मशीन नाचतंय. घे. गुळगुळीत झालाय. लाव टाकी."

"मला येत नाही. मी फक्त पाटी उचलायची."

"गिरणीत होतीस?"

मग मी खाली बसले. हातोडी मंदाच्या नवऱ्याची. जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत पाटा ठेवला, आईसारखा पाय रोवला आणि पहिला घाव घातला. तो वाकडा पडला. दुसराही. माझी पहिली ओळ बघून आईने हातोडी फेकून मारली असती. आठवी-नववी ओळ जरा बरी आली. आवाज जिन्यातून खालीवर गेला. दारं उघडली. एकाने विचारलं, फरशी कोण फोडतंय? मंदा कठड्यावरून वाकली आणि मला जन्मात जमलं नाही ते ओरडली, "टाकीय्येऽऽ! पाट्याला टाकीऽऽ!"

माझे कान गरम झाले. पण मी उठून भिंतीआड गेले नाही.

जुना मासा अर्धा झिजलेला होता. त्याच्याच रेघांवरून पुन्हा कोरायचा होता. माझ्या उजव्या हाताला ते तोंड जमेना, म्हणून हातोडी डाव्या हातात घेतली. मासा वाकडा झाला, शेपटी जाड आली, पण तोंड उजवीकडे.

सुधा दारात उभी राहून बघत होती. तिने घाबरत घाबरत विचारलं, "ह्याला मत्स्यावतार म्हणायचं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मासा म्हणायचं."

मंदाने पाण्याचा तांब्या आणला आणि पाट्यावर ओतला.